आधी दार उघड

अवसरी बुद्रुक, मळ्यातली वस्ती
१४ जुलै २०२४

चि. यशोधरा हिला द्रौपदाआज्जीचा जयभीम, आन् दोन्ही गालांचे मुके.

तुझं पत्र आलं गं बाय! पोस्टमन वट्यापाशी गाडी लावून म्हणला, "आज्जे, वाचून दावू का?" मी म्हणलं, "आन हिकडं. माझी मास्तरीण लई कडक व्हती." त्याला काय ठावं, तू तिसरीत असताना मला पाटीवर बाराखडी शिकवलीस, आन् 'ज्ञ' चुकला म्हणून कोपऱ्यात उभी केली व्हतीस. तुझा आजा दारातनं बघून इतका हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. पत्र मी समदं एकटीनं वाचलं. सकाळी अर्धं, शेरडांना पाला घातल्यावर अर्धं. मंग दुपारी पुन्यांदा पयल्यापासनं, उगाच.

तू लिव्हलंस, वसतिगृहात फोन हापिसात जमा असत्यात आन् रविवारी फक्त बापाच्या नंबरावर बोलू देत्यात, तेबी परीक्षेत गुण बरे पडले तर. मंग पत्राचं बरंच झालं म्हणायचं. फोनवर आपलं "जेवलीस का, जेवले" एवढंच व्हतं. आन् माझ्या फोनला घरात रेंज न्हाई. वट्यावर येऊन हात वर करून उभं ऱ्हावं लागतं, शाळेत शिक्षा केल्यावानी.

पत्रं आधी मॅडम वाचत्यात असंबी लिव्हलंस. वाचू दे की! मॅडमबाई, तुमालाबी जयभीम. आमच्या पोरीला बाजरीची भाकरी लागती, चपातीनं तिचं पोट फुगतं. आन् माझ्या अक्षराला हसू नका, म्हातारपणी शिकलेलं हाय.

इकडची खबर अशी की आमी समदी आत आन् बिबट्या बाहेर. आपल्या घराच्या तिन्ही अंगाला ऊस, त्यात तो असतो. गोकुळच्या बांधाला वनखात्याच्या माणसांनी पिंजरा लावलाय. गोकुळ म्हंजे शेजारच्या मळ्यातल्या धोंडाबाईचा थोरला, तुला चिंचा पाडून द्यायचा तो. पिंजऱ्यात कोंबडी ठेवली. कोंबडी रोज सकाळी आतनं कोकलती, बिबट्या काय आत जाईना. शहाणं जनावर. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं न्हाई, एवढं त्याला कळतं.

वर्षावास आता लागंल, पण मला विहारात वाचनाला जाता यायचं न्हाई. दिवेलागणीच्या आधी शेरडं आत घ्यायची, दार लावायचं, खिडकी लावायची, आन् सकाळपातुर बसायचं कोंडून. तुझा बाप रवी म्हणतो चाकणला ये आमच्या खोलीवर. त्या खोलीत तो, तुझी आई आरती आन् गॅसची टाकी एवढंच मावतं. माझी शेरडं कुठं ठेवू, जिन्यात? मंग मी घरीच फळीवर बुद्धाच्या मूर्तीम्होरं मेणबत्ती लावते आन् बोट ठेवून ठेवून वाचते. शेरडं ऐकत्यात. एक काळी हाय, ती मान डोलावती.

गोकुळनं आता घराभवती तार लावून झटका मशीन बसवून दिलंय. तारेला हात लागला की झटका बसतो, जीव जात न्हाई, अक्कल येती. ते चालतं टेम्पोच्या एका जुन्या बॅटरीवर. बॅटरी माझ्या खाटंपाशी ठेवलीये, कारण गोकुळची मागची बॅटरी चोरांनी नेली.

तू कशी हायेस? काय खातीस? खिडकी हाय का तुझ्या खोलीला? समदं लिव्ह.

तुझी आज्जी
द्रौपदा

---

वसतिगृह, जुन्नर रस्ता
२१ जुलै २०२४

तीर्थरूप आज्जीस सादर जयभीम.

येथे सर्व ठीक आहे. आम्ही एका खोलीत सहा जणी आहोत. खिडकीला बारीक जाळी आहे, त्यामुळे डास येत नाहीत. गेटला कायम कुलूप असते, त्यामुळे सुरक्षित वाटते. जेवण पौष्टिक असते. मंगळवारी लाडूही मिळतो. मॅडमना तुझे अक्षर आवडले.

अभ्यास चांगला चालू आहे. सध्या रसायनशास्त्रात इलेक्ट्रोकेमिस्ट्री हा धडा चालू आहे. आज्जे, तो तुला आवडेल. जस्ताची पट्टी आणि तांब्याची पट्टी आपापल्या द्रावणात बुडवून तारेने जोडली, दोन्ही द्रावणांमध्ये क्षारांचा पूल केला, की आपोआप वीज वाहायला लागते. जस्त झिजत जाते आणि तांब्यावर तांबे चढत जाते. प्रत्येक धातूला एक आकडा दिलेला असतो. तांब्याचा ०.३४, जस्ताचा उणे ०.७६. एकातून दुसरा वजा केला की तो सेल किती व्होल्टचा ते कळते.

माझे इथेच चुकते. मी जस्ताचे उणे चिन्ह विसरते आणि ०.३४ मधून सरळ ०.७६ वजा करते. मग उत्तर उणे येते. सर म्हणाले, "यशोधरा, तुझा सेल उलटा पळतो." वर्गात सगळे हसले. उत्तर उणे आले तर त्याचा अर्थ असा की ती क्रिया आपोआप घडणार नाही, बाहेरून वीज देऊन ढकलावी लागेल. तशा ढकलण्याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. पाण्यातून वीज ढकलली तर पाणीसुद्धा फुटते.

चाचणीत मला कमी गुण पडले, म्हणून या रविवारी पप्पांशी बोलणे झाले नाही. पुढच्या रविवारी होईल.

तुझ्या बॅटरीबद्दल सविस्तर लिही. तिच्यावर बुचे किती आहेत? इथे पुस्तकात फक्त चित्र आहे.

तुझी
यशू

---

अवसरी बुद्रुक
२८ जुलै २०२४

चि. यशू हिला आज्जीचा जयभीम.

मंगळवारी लाडू! आन् मी हिकडं भाकरीची काळजी करत बसले. मॅडमबाई, तुमचं कल्याण होवो. डास न्हाईत, कुलूप हाय, लाडू हाय, मंग माझ्या लेकराला काय कमी? हिकडं तर डासांनी जीव खाल्ला.

तुझा तो धडा मी धोंडाबाईला वाचून दावला. ती म्हणली, "जस्त झिजतं आन् तांबं वाढतं, म्हंजे आपल्या घरातल्या सुनांसारखंच." मी म्हणलं तुझ्या सुना कुठं झिजल्यात, दारातनं आत येताना आडव्या होऊन येत्यात. लई हसलो.

आता बॅटरीचं इच्यारलंस त्याचा मला काय आनंद झालाय! आजवर मला शाळेतलं कोणी काय इच्यारलं न्हाई. तर ऐक. बॅटरीला वरनं सहा बुचं हायेत, एका रांगेत. दोन बाजूंना शिशाचे दोन खुंट, एकावर अधिक, एकावर उणे. गोकुळ म्हणतो बाराची हाय. बारा काय ते तूच बघ.

आभाळ आपलं कायम झाकलेलं. पत्र्यावर ठेवलेली सोलरची प्लेट काय बॅटरी भरीना. मंग गोकुळनं गॅरेजातनं एक जुना चार्जर आणून दिला. म्हणला, "आज्जे, हा लावून ठेव, काढूच नको. बॅटरी उतरली की बिबट्या घरात आलाच समज." मी कशाला काढते! रातंदिस लावलेला हाय. आन् काय सांगू यशे, ती बॅटरी बोलती माझ्याशी. भात शिजल्यावानी रटरट, रटरट. एकटं माणूस मी, मला सोबत झाली. मीबी तिला सांगते, आज अमुक झालं, तमुक झालं.

पण तिच्या दोन खोड्या. एक म्हंजे सडक्या अंड्यावानी वास मारती, डोळं चुरचुरत्यात. दुसरं, बुचांच्या भोकातनं बारीक फवारा उडतो. माझ्या हिरव्या लुगड्याची चाळण झाली. मंग मी डोकं लढवलं. मेणबत्तीचं मेण बोटानं मळून गोळ्या केल्या आन् समदी भोकं चिणून टाकली. वरनं जुनी गोधडी घातली, दोन पदरी. फवारा बंद! परवा एक बूच आपोआप उडालं आन् पत्र्याला जाऊन ठण्णकन लागलं. शेरडं बावरली. मी ते परत चांगलं दाबून बसवलं, वरनं पाटा ठेवला.

बिबट्या पत्र्यावर चढतो म्हणून पत्रा आन् भिंत ह्यांच्या मधली फट बी लिंपून घेतली. तू तिथनं चिमणीची पिल्लं बघायचीस, ती. गोणपाट कोंबलं आन् वरनं चिखल. आता वाऱ्याची झुळूक सुदिक आत येत न्हाई. खोली कशी पेटीवानी झालीये. मी, चार शेरडं, बॅटरी आन् वर फळीवर मेणबत्ती. मेणबत्ती हल्ली मधीच फडफडती, काल 'फट्' वाजली. वातीत ओल असंल.

धडा नीट कर. उणे-बिणे यायचंच, माझ्या हिशेबात बी यायचं.

तुझी आज्जी

---

३ ऑगस्ट, शनिवार

आज्जे,

मेणबत्ती लावू नको. काडी ओढू नको. आधी दार उघड.

दार उघड, खिडकी उघड, शेरडांना घेऊन बाहेर ये. मग पुढचं वाच.

बॅटरीला हात लावू नको. चार्जरचे चिमटे ओढून काढू नको, ठिणगी पडते. घरातलं कुठलंच बटण दाबू नको. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. गोकुळदादाला बोलाव. मीटर बाहेरच्या भिंतीला आहे, त्याला तिथूनच वीज बंद करायला सांग. खोलीत बराच वेळ वारा खेळू दे. त्यानंतरच चिमटे काढायचे. गोधडी काढायची, पाटा काढायचा, मेण टोकरून काढायचं. आणि बॅटरी पुन्हा घरात आणायची नाही.

आता का ते सांगते. त्या बॅटरीत सहा खोल्या आहेत, प्रत्येक बुचाखाली एक. भरलेल्या बॅटरीत वीज ढकलत राहिलं तर ती आणखी भरत नाही. आतलं पाणी फुटायला लागतं. त्यातून हायड्रोजन निघतो. तुझी रटरट म्हणजे तोच. त्याच्या वाटेसाठी बुचांना भोकं असतात, आणि ती तू चिणलीस. जो कसाबसा बाहेर येतो तो सगळ्यात हलका असतो, वर जातो, पत्र्याखाली साठतो. वरची फट तू लिंपलीस. आणि तुझी मेणबत्ती वरच्या फळीवर आहे. एका ठिणगीने तो भडकतो. भडकेलच असं नाही, पण तुझी ती 'फट्' वाचली आणि मी तशीच मॅडमकडे धावले.

हे पत्र मॅडमनी वाचलेलं नाही. मी त्यांच्याकडे फोन मागितला, एकदाच, फक्त तुला नाहीतर पप्पांना लावायला. त्या म्हणाल्या, "चाचणीच्या आठवड्यात प्रत्येकीची आजी आजारी पडते." मी तुझं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, छान लिहितात तुझ्या आजी. उद्याचाही माझा फोन बंद आहे, गुण कमी म्हणून. म्हणून भाकरी करणाऱ्या कुशाबाईंच्या हाती देते आहे. त्या दर शनिवारी दुपारनंतर पेठला घरी जातात. त्यांच्या फोनचा रिचार्ज संपलाय. त्यांना वाचता येत नाही, पण वाटेत अवसरी फाट्याला उतरून तुझ्यापर्यंत जाईन म्हणाल्या. हे कुणाला कळलं तर त्यांचं काम जाईल.

बॅटरीचं गणित मी केलं. एका खुंटाचा आकडा १.६९, दुसऱ्याचा उणे ०.३६. वजा उणे म्हणजे अधिक. एका खोलीचे २.०५, सहा खोल्यांचे बाराच्या थोडे वर. गोकुळदादा बरोबर म्हणाला. माझं पहिलं बरोबर आलेलं उत्तर. आणि तेच करताना मला कळलं तू काय करून बसली आहेस.

आज्जे, जाळी डासांसाठी नाही.

यशू

---

अवसरी बुद्रुक
४ ऑगस्ट, रविवार सकाळ

यशे, माझ्या बाय,

मी हाय. घर हाय. शेरडं हायेत. आधी हे तीन लिव्हते, मंग बाकीचं.

काल दिवेलागणीला मी दार लावून घेतलं व्हतं. फळीखाली पाट ठेवून वर चढले, काडीपेटी हातात. तेवढ्यात दार वाजलं. मी म्हणलं, ह्या टायमाला कोण येतं, बिबट्या काय दार वाजवून यायचा न्हाई. उघडलं तर एक अनोळखी बाई, हातात डबा आन् काठी, डबा वाजवत वाजवत उसाच्या वाटंनं एकटी आलेली. म्हणली, "यशोधराची आज्जी का तुमी? पत्र हाय. लई घाईचं हाय म्हणाली." मी तिला आत घेतलं आन् दार परत लावलं. आता पत्र वाचायचं म्हंजे उजेड पायजे. बल्ब तर परवाच गेलेला. मी काडी काढली.

ती कुशाबाई म्हणली, "थांबा, माझ्या फोनला बॅटरी हाय, उजेड पाडते." तिच्या त्या उजेडात मी पयलं अक्षर लावलं. मे. ण. ब. मेणब. यशे, जोडाक्षराला माझी मती अडती हे तुला ठाऊक. 'त्ती'पाशी मी अडले. कुशाबाई म्हणली, "काय लिव्हलंय, काय लिव्हलंय?" मी म्हणलं, "दम धर बाई, मेणबत्ती लावू म्हणतीये." मंग पुढचा 'नको' वाचला. मंग 'काडी ओढू नको'. माझ्या एका हातात काडी, दुसऱ्या हातात पत्र. मी काडी अशी खाली ठेवली, जणू निजलेलं लेकरू ठेवते.

मंग 'आधी दार उघड'. कुशाबाई म्हणली, "अवं दार कसं उघडायचं? येताना उसात सळसळ झालेली मी माझ्या कानानं ऐकली." मी म्हणलं, मास्तरणीनं लिव्हलंय म्हंजे उघडायचं. मला कोपऱ्यात उभी करायची बाई ती.

दार उघडलं. खिडकी उघडली. चारी शेरडं घेऊन वट्यावर बसलो. एका हातानं फोन वर धरून गोकुळला बोलावलं. तो यीस्तवर मी परात बडवत व्हते आन् कुशाबाई डबा. आमच्या मागं ती खोली, आमच्या म्होरं तो ऊस. त्यात एकदा करवत चालवल्यावानी आवाज आला, तो त्याचाच. काळ्या शेरडीनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. कुशाबाई म्हणली, "आज्जी, आपण दोघीबी म्हाताऱ्या, कडक मटण, खायचा न्हाई." आमी हसत व्हतो आन् परात-डबा जोरात बडवत व्हतो. पण तुला खरं सांगू का, किती दिसांनी अंधार पडल्यावर मी आभाळ बघितलं. इतकं मोठं असतं हे इसरूनच गेले व्हते.

गोकुळ ट्रॅक्टर घेऊन आला, दिवे फुल्ल. तू लिव्हलेलं मी त्याला वाचून दावलं, एक एक ओळ, आन् त्यानं तसंच केलं. भिंतीवरची फट काठीनं फोडली. पाटा उचलला तर बुचं फुस्स करून बसली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणला, "आज्जे, मला काय म्हाईत, मी आपलं काढू नको म्हणलो." मी म्हणलं, बाबा, मीबी कुठं कमी केलं.

बॅटरी आता गोठ्याच्या बाहेर पत्र्याखाली, क्रेटात, साखळीनं बांधून. चोरानं न्यायची तर नेऊ दे. चार्जर गोकुळ दिसा थोडा वेळ लावतो आन् काढतो.

कुशाबाई रातीला इथंच राहिली. पोरी, तिनं मला समदं सांगितलं. लाडू न्हाईत. जाळीला बाहेरनं पट्ट्या मारल्यात. तुमी सहा जणी गच्चीवर बी जाऊ शकत न्हाई. तू ताट तसंच ठेवून उठतीस आन् मोरीत जाऊन रडतीस, नळ सोडून, म्हंजे ऐकू जाऊ नये. आन् मी हिकडं त्या बाईला कल्याण होवो लिव्हत बसले!

हे पत्र मी आता पेठला घरी निघालेल्या कुशाबाईच्या हाती देणार. उद्या पहाटंच्या गाडीनं ती तिकडं येईल तवा आणंल, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून. मला खरं लिव्ह. तुला तिथं ऱ्हायचंय का न्हाई?

तुझी आज्जी

---

१० ऑगस्ट

आज्जे,

तुझं पत्र मी भाकऱ्यांच्या टोपल्यामागे उभी राहून वाचलं. 'मी हाय' एवढंच पाच-सहा वेळा वाचलं.

खरं लिहायचं तर नाही. मला इथे राहायचं नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्यात काही ना काही भरत असतात आणि मग चाचणी घेऊन बघतात किती भरलं. मी पूर्वी वाचायचे तेव्हा मला पुढचं वाचावंसं वाटायचं. आता पुस्तक उघडलं की दम लागतो. मी आळशी नाहीये, आज्जे. पण आपोआप काहीच होत नाही आता.

पण पप्पांना कसं सांगू? त्यांनी कंपनीत सगळ्यांना सांगितलंय, माझी पोरगी डॉक्टर होणार. आमच्या वस्तीतली पहिली. मी परत आले तर लोक म्हणतील, झेपलं नाही. पप्पा काही बोलणार नाहीत, नुसते खाली बघतील. ते मला बघवणार नाही. कॉलेजला माझं नाव मंचरलाच आहे, इथे फक्त क्लास आणि वसतिगृह. म्हणजे परत येता येईल, असं नाही की येता येणार नाही. पण तेवढं मी कोणाला म्हणूसुद्धा शकत नाही.

सेलच्या गणितात या वेळी दहापैकी सात पडले. बाकीच्यात तसेच. फोन अजून बंद आहे.

एक सांगू? अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं आपल्या वाटेने जायची, तू त्यांना पाणी द्यायचीस. मला डॉक्टर नाही, त्यांच्यासारखं बॅटऱ्यांचं शिकावंसं वाटतं. हे कोणाला सांगू नको.

यशू

---

अवसरी बुद्रुक
१२ ऑगस्ट २०२४

चि. यशोधरा हिला आज्जीचा जयभीम.

हे पत्र मी मुद्दाम टपालानं टाकतीये. मॅडमबाईंनी वाचावं म्हणून. मॅडम, नीट बसून वाचा, घाई न्हाई.

काल रविवार, रवीला सुट्टी. मी त्याला चाकणवरनं बोलावून घेतलं. जेवू घातलं, मंग म्हणलं, पोरीला घरी आन. तो म्हणला, "आई, एक वरीस कळ काढू दे. पुढं तिचंच भलं हाय. तिथं समद्या सुविधा हायेत." मी म्हणलं, बरं. जरा आत जाऊन बघ, बॅटरीनं भिंत खराब केलीये का. तो आत गेला. मी बाहेरनं कडी घातली.

आधी हसला. "आई, काय पोरखेळ हाय!" मी वट्यावर शेंगा फोडत बसले. खिडकीला गोकुळकडनं आधीच बाहेरनं पट्ट्या मारून घेतल्या व्हत्या.

"आई, उकडतंय."

"कळ काढ."

"अगं पाणी तरी दे."

"आत माठ हाय. खाट हाय. खिडकीला जाळी बी हाय, डास येत न्हाईत. पौष्टिक शेंगा पायजे तर फटीतनं सरकवते."

मंग तो चिडला. दार बडवलं. धोंडाबाई बांधावरनं ओरडली, "काय गं, बिबट्या घावला का?" मी म्हणलं, "न्हाई, माझाच हाय." शेंगांची अर्धी पाटी झाली तवा बडवायचं थांबलं. मला वाटलं निजला. मंग लई वेळानं, दाराला अगदी चिकटून, हळू आवाजात म्हणला, "आई, ती रडती का गं?"

मी कडी काढली.

बाहेर येऊन वट्यावर बसला, घामानं भिजलेला. म्हणला, "मला कोणी सांगितलं का न्हाई?" मी म्हणलं, बाबा, रविवारचा फोन गुण पडल्यावर मिळतो. तुझ्या पोरीला तुला 'पप्पा' म्हणायला बी पास व्हावं लागतं. तो खाली बघायला लागला. मला ठाऊक व्हतं तू त्यालाच भितीस, त्या खाली बघण्याला. तर ऐक, ते मी बघून घेतलं. तुझ्यासाठी शिल्लक ठेवलं न्हाई. मंग मी त्याला बॅटरी दावली. म्हणलं, ही भरली तरी आमी चार्जर काढला न्हाई, वर मेणानं तोंडं चिणली, आन् ती रटरटायला लागली तर मला वाटलं आनंदानं बोलतीये. त्यानं वाकून एकेक बूच बोटानं चाचपलं. संध्याकाळी जाताना म्हणला, "कंपनीतल्यांना मी सांगीन. त्यात काय."

बॅटऱ्यांचं जे तुझ्या मनात हाय ते मी कोणाला सांगितलं न्हाई. फक्त काळ्या शेरडीला.

मॅडमबाई, आता तुमच्यासाठी. तुमी म्हणाला, मी छान लिव्हते. म्हणून लिव्हते. लाडवांचं आन् जाळीचं मला कसं कळलं ते इच्यारू नका, आज्ज्यांना कळतं. तुमचा राग बी न्हाई. मीबी माझ्या हातानं समदी भोकं चिणली व्हती आन् वरनं गोधडी घालून 'आता कसं झ्याक झालं' म्हणत व्हते. बिबट्याच्या भ्यानं केलं. तुमी कशाच्या भ्यानं करता ते तुमचं तुमाला ठाऊक. पण त्या खोलीत आमची एक गेली तरी पाच ऱ्हात्यात. त्यांना बी आज्ज्या असतील, आन् त्या काय समद्या परीक्षेच्या आठवड्यातच आजारी पडत न्हाईत. एक पट्टी तरी काढा.

यशे, पेटी भरून ठेव. पुस्तकं समदी घे, एकबी टाकू नको. सोमवारी मंचरच्या कॉलेजात इच्यारून येऊ. रातीला विहारात वाचनाला तू मला घेऊन जायचं, डबा वाजवत.

येत्या रविवारी मी आन् रवी पयल्या गाडीनं येतो. मॅडम, आमी आलो की तुमी चौकशी करा, सह्या घ्या, काय ते सावकाश करा.

आधी दार उघडा.

द्रौपदा
(यशोधराची आज्जी)